फोंड्यातला फ्लॅट की काणकोणातले घर?

सोनचाफा · 9 मार्च

सर्वांना नमस्कार. आम्ही गेली एकोणीस वर्षे पणजीत भाड्याच्या घरात राहत आहोत. मी गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले, यजमान येत्या मे महिन्यात बँकेतून निवृत्त होत आहेत, सासूबाई 81 वर्षांच्या आहेत आणि मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. हाताशी साधारण 60 लाख रुपये आहेत आणि त्यांतच स्वतःचे घर बसवायचे आहे. पणजी, ताळगाव, पर्वरी हा भाग आमच्या आवाक्याबाहेर गेला. बार्देशच्या किनाऱ्याचा विचार आमच्यासारख्यांनी कधीच सोडून दिला आहे, आणि मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्याच्या किनाऱ्याकडेही आम्हाला पाहता येत नाही.

त्यामुळे आता दोनच जागा समोर उरल्या आहेत. पहिली फोंड्यालगत ढवळी येथे, दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघर असा फ्लॅट, लिफ्ट असलेला. दुसरी काणकोणात नगर्से भागात, पाळोळ्याच्या किनाऱ्यापासून दोन किलोमीटरांच्या आत असलेले बारा वर्षांचे बैठे घर, मागे विहीर आणि चार माड. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच सांगितली जाते. मन कुठे ओढते हे लपवण्यात अर्थ नाही. माझे बालपण वाळपईत गेले, समुद्र वर्षातून एखाद्या वेळी दिसायचा, आणि म्हातारपण समुद्राच्या आवाजात काढावे ही माझी फार जुनी इच्छा आहे. पण निर्णय चौघांचा आहे आणि पैसे एकदाच खर्च होणार आहेत. ज्यांनी या दोन्ही गावांत प्रत्यक्ष दिवस काढले आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

अंत्रुजवासी · 9 मार्च

सोनचाफाताई, मी जन्मापासून फोंड्याचा, त्यामुळे माझे माप थोडे फोंड्याकडे झुकणार हे आधीच सांगतो. नकाशा पुढे घेऊन बसलात तर फोंडा गोव्याच्या जवळजवळ मध्यावर येतो. पणजी साधारण 30 किलोमीटर, मडगाव 20 च्या आत-बाहेर, आणि वेर्णा-वास्कोकडे बोरीवरून जाता येते. मध्यवर्ती असण्याचा रोजच्या जगण्यातला उपयोग आम्हाला वडिलांच्या शेवटच्या सहा वर्षांत कळला. त्यांच्या पेन्शनची कामे पणजीत, डोळ्यांचे डॉक्टर मडगावात, धाकटी बहीण कुडचड्यात; यांतले कोणतेही काम सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत उरकत असे, आणि एका शहरात जे जमले नाही त्यासाठी दुसऱ्या शहराकडे वळता येत असे.

पाण्याची चिंता करू नका. खांडेपार नदीवरचा ओपाचा जलप्रकल्प आमच्याच तालुक्यात आहे आणि पणजीत तुम्ही इतकी वर्षे जे पाणी प्यालात तेही बहुतांशी तिथूनच येते. शाळा-महाविद्यालये, अभियांत्रिकी महाविद्यालय, भाजीबाजार, मासळीबाजार, राजीव गांधी कला मंदिरातली मराठी नाटके, देवळांतले सप्ताह आणि भजने, हे सारे पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात आहे. ढवळीहून कवळ्याची शांतादुर्गा तर रिक्षाने दहा मिनिटांवर. सासूबाईंसाठी ही गोष्ट किती मोठी आहे ते तुम्हीच जाणता.

थोडे विषयाला धरूनच सांगतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या धाकाने किनाऱ्याकडच्या गावांतून देव हलवावे लागले तेव्हा ते याच अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आले. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. 1763 पर्यंत हा मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेला नव्हता, म्हणून त्या काळी तो आसरा ठरला. डोंगरांच्या कुशीतल्या या गावांना माणसे सामावून घेण्याची जुनी सवय आहे, आणि बाहेरून आलेल्या कुटुंबाला इथे परके वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता उणी बाजू. फोंड्याला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर मडगावला किंवा करमळीला जावे लागते. मडगावच्या वाटेवर बोरीचा पूल आहे, आणि त्यावर एखादा ट्रक बंद पडला की दोन्ही बाजूंना रांगा लागतात. जोडीला नवा पूल बांधण्याचा प्रस्ताव आहे, पण खाजन शेती (खाडीकाठची बांध घातलेली शेती) जाईल म्हणून बोरी-लोटलीच्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचे म्हणणे मला पटते. पणजीच्या वाटेवर भोम गावात महामार्ग घरांच्या आणि देवळांच्या मधून जातो, तिथल्या रुंदीकरणाचा वादही मिटलेला नाही. संध्याकाळी तिस्कापासून जुन्या बसस्थानकापर्यंतचे अंतर गाडीने कापण्यापेक्षा चालत लवकर कापता येते. आणि एप्रिल-मे महिन्यांत समुद्रावरचा वारा आमच्यापर्यंत उशिरा आणि थकून पोचतो. दुपारी दोन ते पाच या वेळेत घरात बसवत नाही.

गालजीबागकाठ · 10 मार्च

मी काणकोणात राहतो, शेती-बागायत आहे, आणि सोनचाफाताईंनी इकडे यावे असे मनापासून वाटते. तरीही पहिले वाक्य सावधगिरीचेच लिहितो. काणकोण स्वस्त आहे असे म्हणताना नेमका कोणता भाग ते पाहावे लागते. पाळोळे, पाटणे, आगोंद येथे किनाऱ्याला लागून असलेल्या जागा आता स्वस्त उरलेल्या नाहीत. चावडी, नगर्से, श्रीस्थळ असे आतले भाग मध्यमवर्गीयांना अजून परवडतात, पण तेथून समुद्र खिडकीतून दिसत नाही. रात्री रहदारी थांबली आणि वारा पश्चिमेचा असला की पावसाळ्यात गाज मात्र ऐकू येते.

इथले वर्ष दोन अगदी वेगळ्या भागांत विभागलेले आहे आणि पाहुणे त्यातला एकच भाग पाहतात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत गाव जागे असते. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जाते, जाळे वाळूवर येताच तिथेच वाटे पडतात आणि तासाभरात तीच मासळी चावडीच्या बाजारात येते. आगोंद आणि गालजीबागच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. त्या काळात घरट्यांभोवती कुंपण घालून राखण केली जाते आणि किनाऱ्यावर प्रकाश व आवाज यांवर बंधने असतात. खोल्याची लाल मिरची, आता भौगोलिक मानांकन मिळालेली, घरोघरी अंगणात वाळत पडलेली असते. मे संपता संपता किनाऱ्यावरच्या लाकडी झोपड्या उतरवल्या जातात, उपाहारगृहे बंद होतात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारीवर बंदी असते आणि काणकोण पुन्हा फक्त काणकोणकरांचे होते. मला स्वतःला हेच चार महिने अधिक आवडतात. पण पणजीत वीस वर्षे राहिलेल्या माणसाला ते आवडतीलच असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पावसाविषयी एकच अनुभव लिहितो. 2 ऑक्टोबर 2009 रोजी दुपारी डोंगरात असा पाऊस कोसळला की तळपण आणि गालजीबाग या दोन्ही नद्या काही तासांत काठ सोडून गावांत शिरल्या. पावसाळा संपला असे समजून आम्ही भात कापून ठेवले होते. माझ्या चुलत्यांच्या घराची मातीची भिंत आतल्या कोठारासह बसली. त्या दिवसापासून मी कोणतेही घर पाहताना आधी त्याचे जोते पाहतो, मग जवळचा ओहोळ कुठे आहे ते पाहतो, आणि शेजारच्या वयस्क माणसाला विचारतो की त्या दिवशी पाणी कुठवर आले होते. नगर्शातल्या घराबाबत तुम्हीही हे विचारा. इथल्या लोकांना ती पातळी अजून बोटाने दाखवता येते.

पाणीपुरवठा चापोली धरणावरून होतो आणि तो ठीक आहे. 2019 मध्ये चार रस्ता ते माशे हा वळसा-रस्ता आणि तळपण-गालजीबागवरचे पूल झाल्यापासून कारवारकडे जाणे फारच सोपे झाले. मडगावकडे मात्र करमल घाट आहेच.

मांडवीतीर · 10 मार्च

समुद्रही हवा आणि सोयीही हव्यात तर वास्को का पाहत नाही? रेल्वे, विमानतळ, बाजार सगळे जवळ आहे आणि जुने फ्लॅट या रकमेत मिळू शकतात.

सोनचाफा · 10 मार्च

वास्कोचा विचार केला होता. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, आणि बंदरातल्या कोळशाच्या धुळीविषयी तिथले रहिवासी इतकी वर्षे आवाज उठवत असताना त्यांना तिथे नेणे मला योग्य वाटत नाही. अंत्रुजवासी आणि गालजीबागकाठ, आपण दोघांनीही आपापल्या गावाची उणी बाजू न लपवता सांगितलीत याबद्दल मनापासून आभारी आहे. येत्या रविवारी आम्ही दोन्ही जागा पुन्हा पाहणार आहोत.

चिरेबंदी · 11 मार्च

मी बांधकाम अभियंता आहे आणि गेली बावीस वर्षे दक्षिण गोव्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे पाहतो, म्हणून नगर्शातल्या बारा वर्षांच्या घराविषयी सविस्तर लिहितो.

खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात आणि सळईपर्यंत पोचले की तिच्यावरचे संरक्षक आवरण मोडतात. सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलतो, आधी सळईच्या रेषेत बारीक चीर दिसते, मग पोपडा फुगतो आणि शेवटी तुकडा खाली पडतो. बाहेरून रंग मारला की पहिल्या दोन पायऱ्या झाकल्या जातात. घर विकायच्या आधी नवा रंग मारलेला असेल तर तो किती जुना आहे हे अवश्य विचारा.

भारतीय मानक आयएस 456, सन 2000 चे, किनारी हवेला उघड्या असलेल्या बांधकामासाठी किमान एम 30 दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर आवरण सांगते. लहान बैठी घरे बांधताना हे पाळलेले मला फार क्वचित आढळले. अनेकदा आवरण 20-25 मिलिमीटर असते, आणि बारा वर्षे हा नेमका तो काळ आहे जेव्हा अशा घराचा पहिला मोठा खर्च पुढे येऊ लागतो. दोन किलोमीटर आत आल्यावर लाटांचे तुषार येत नाहीत आणि त्रास बराच कमी होतो, पण संपत नाही.

घर पाहायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. एक लहान हातोडी घेऊन जा आणि स्लॅबच्या खालच्या बाजूने, विशेषतः न्हाणीघराच्या छतावर आणि पश्चिमेकडच्या छज्जावर, हलके ठोकत फिरा. घट्ट काँक्रीटचा आवाज टणक येतो, पोपडा सुटलेला असेल तिथे तो पोकळ येतो. आवाज पोकळ आला तर पैसे देण्याआधी तज्ज्ञाकडून सळईवरील आवरण मोजून घ्या, छिद्र पाडून निघालेल्या भुकटीतले क्षार प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि नव्याने फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारायला सांगा. काँक्रीटची अल्कता शाबूत असेल तर तो भाग गुलाबी होतो. रंग आला नाही तर तिथवर काँक्रीटचे संरक्षण संपले आहे असे समजावे. भिंती चिऱ्यांच्या असतील तर त्यांची काळजी तुलनेने कमी, स्लॅब आणि तुळया यांची जास्त. खिडक्यांना साधे लोखंड नको. स्टेनलेस स्टील घेतले तर 304 ऐवजी 316 प्रतीचे घ्यावे, नाहीतर तेही डागाळते.

ढवळीच्या फ्लॅटविषयी मला इतके लिहावेसे वाटत नाही, कारण तिथे खारेपणा नाही. आपल्याकडे वर्षाला सरासरी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून गच्चीवरची जलरोधक प्रक्रिया आणि पश्चिमेकडची भिंत तेवढी पाहा. आणि जागा कुठेही घेतलीत तरी इमारतीच्या मंजुरीचे आणि वापर दाखल्याचे कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. 4 जानेवारी 2014 रोजी चावडीत बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळून कितीतरी मजूर गेले. त्या घटनेनंतर कागद मागताना मला कधी संकोच वाटला नाही.

परिचारिका · 12 मार्च

मी दक्षिण गोव्यात सरकारी आरोग्यसेवेत पंचवीस वर्षे काम केले आहे. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत, त्यांना दमा आहे, आणि तुम्हा दोघांचीही साठी जवळ आली आहे, म्हणून मी फक्त वेळेविषयी लिहिते.

अर्धांगवायूचा झटका आला आणि तो रक्ताची गुठळी अडकल्याने असेल, तर गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि ते जितके लवकर मिळेल तितका मेंदू अधिक वाचतो. या साडेचार तासांत झटका ओळखणे, रुग्णवाहिका येणे, प्रवास, तपासणी आणि मेंदूचे चित्र काढणे हे सारे बसवायचे असते. फोंड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय (गोमेकॉ) 25 ते 30 किलोमीटरांवर आहे. काणकोणात सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, तिथले सहकारी जीव तोडून काम करतात, पण मोठ्या आजारात रुग्णाला मडगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा थेट बांबोळीला न्यावे लागते आणि बांबोळी तेथून साठ किलोमीटरांहून अधिक आहे. जुवारीवरचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीचा खोळंबा टळतो, पण घाट तोच आहे आणि जुलैच्या रात्री तो तितकाच काळोखा असतो.

हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. काणकोणात नव्वदी गाठलेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत. मात्र तिथे राहायचेच ठरले तर एका कागदावर 108, आरोग्य केंद्राचा क्रमांक, रात्री गाडी काढू शकेल अशा दोन शेजाऱ्यांचे क्रमांक, सासूबाईंची औषधे आणि त्यांच्या मात्रा लिहून तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. घाईच्या वेळी फोनमधले नाव सापडत नाही.

सोनचाफा · 17 मार्च

रविवारी आम्ही चौघेही दोन्हीकडे जाऊन आलो.

ढवळीच्या फ्लॅटमध्ये दोष काढण्याजोगे काही सापडले नाही. लिफ्ट मोठी आहे, खोल्यांत उजेड आहे, खाली किराणा दुकान आणि औषधांचे दुकान आहे. गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते. परतताना कवळ्याला गेलो, सासूबाई अर्धा तास देवळात बसल्या आणि आल्यावर एवढेच म्हणाल्या की इथे रोज येता येईल. मुलालाही वेर्ण्याला जाणे-येणे सोपे पडेल.

नगर्शाच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. माडांच्या झावळ्यांतून वारा येत होता आणि मागच्या पडवीत उभे राहिल्यावर मला बोलणे सुचेना. मग चिरेबंदी यांनी सांगितल्याप्रमाणे हातोडी काढली. हॉलमध्ये आवाज टणक आला. न्हाणीघराच्या छतावर दोन ठिकाणी पोकळ आला आणि ठोकल्यावर चुन्याची पातळ खपली माझ्या चष्म्यावर पडली. पश्चिमेची खिडकी उघडायला गेले तर तिचा आकडा अडकून बसलेला. जोर लावून ओढला तेव्हा बोटांना नारिंगी भुकटी लागली, आणि तीच भुकटी खालच्या नव्या पांढऱ्या रंगावर ओघळलेली होती. शेजारच्या आजोबांना 2009 च्या पुराविषयी विचारले. त्यांनी आपल्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाची दुसरी पायरी दाखवली. आमच्या घराचे जोते त्या पातळीच्या बरेच वर आहे, तेवढा दिलासा मिळाला.

सासूबाई पडवीच्या पायरीवर बसून होत्या. मी विचारले, कसे वाटते? त्या म्हणाल्या, "आज छानच आहे गं. आषाढ काढून बघायला हवा."

दस्तऐवज · 18 मार्च

मी वकिलांच्या कार्यालयात जमिनीचे दस्तऐवज तपासण्याचे काम करतो. ताईंच्या वर्णनात अजून मालकीविषयी एक अक्षरही आलेले नाही, म्हणून लिहितो.

बैठे घर घेताना तुम्ही जमीन घेत असता. सर्वांत आधी जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा, म्हणजे फॉर्म एक व चौदा, काढा आणि त्यातल्या कब्जेदारांच्या नावांइतकेच लक्षपूर्वक इतर हक्कांचा रकाना वाचा. तिथे कुळाचे किंवा मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) नाव असेल तर विक्रेता काहीही म्हणो, तो प्रश्न सुटल्याशिवाय विसार देऊ नका. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्या माणसाला संरक्षण दिलेले आहे आणि ते योग्यच आहे. जमीन पूर्वी शेतीची असेल तर तिच्या बिगरशेती वापराची सनद पाहा आणि नगर नियोजन खात्याकडून विभाग दाखला घ्या. 2023 मध्ये नगर नियोजन कायद्यात आलेल्या कलम 17(2) खाली जमिनीचा विभाग बदलून घेतलेला असेल तर विशेष सावध राहा, कारण हे बदल न्यायालयात आव्हानित झालेले आहेत.

गोव्यातल्या समान नागरी कायद्यामुळे पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः सामायिक असते, म्हणून विक्रीखतावर विक्रेत्याबरोबर त्याच्या जोडीदाराची सही लागते. मालमत्ता वारसाहक्काने आलेली असेल तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार यांचा हिशेब लागतो. एक भाऊ पोर्तुगालात, एक बहीण मुंबईत, आणि वाटणीची प्रक्रिया कधी झालेलीच नाही, अशी घरे मी दर महिन्याला पाहतो. इतरांचे मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, असे विक्रेता म्हणाला तर ते पत्र प्रत्यक्ष वाचा, त्यात विक्रीचा अधिकार दिला आहे का ते पाहा.

किनारा जवळ आहे म्हणून आणखी एक. किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनारपट्टीत भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि भरतीचे पाणी जिथवर चढते त्या नद्या-खाड्यांच्या काठालाही बंधने आहेत. समुद्र दोन किलोमीटरांवर असला तरी खाडीचा फाटा घराच्या पाठीमागे असू शकतो. गोव्याचा किनारी आराखडा 2022 मध्ये मंजूर झाला आहे, त्यात आपला सर्व्हे क्रमांक शोधून पाहा.

उंबरठा · 19 मार्च

हे सगळे वाचून स्वतःचा अनुभव लिहावासा वाटला. आम्ही पतिपत्नींनी निवृत्तीनंतर तेरेखोलच्या पलीकडे, शिरोड्याजवळ समुद्रापासून थोडे आत घर घेतले आणि तीन वर्षे राहून डिचोलीला परतलो. त्या तीन वर्षांचा मला पश्चात्ताप नाही. पहाटे सुरूच्या बनातून चालत वाळूवर जायचे आणि उन्हे वर येण्याआधी परतायचे, हे सुख मी दुसऱ्या कशाशी बदलणार नाही.

परतण्याचे कारण सांगते. पहिल्या डिसेंबरात आमच्याकडे चौदा माणसे होती. मुले, नातवंडे, पुण्याचे दीर, नणंदेची मैत्रीण. सगळे म्हणाले की आता दरवर्षी यायचे. जून ते सप्टेंबर या काळात त्या तीन वर्षांत मिळून एकदाच कोणीतरी आले, तेही यजमान पाय घसरून पडले म्हणून. घर घेताना आम्ही पाहुण्यांसाठी जादा खोली बांधली होती. पावसाळ्यात तिथे फक्त ओले कपडे वाळत घातले जायचे. दिवसभर पाऊस, संध्याकाळी वीज गेलेली, आणि बोलायला माणूस नाही. मी तशी घट्ट मनाची आहे, तरी तिसऱ्या श्रावणात माझा धीर सुटला.

सोनचाफाताई, तुमचे काणकोण गाव म्हणून अधिक भरलेले आहे, शेजार आहे, त्यामुळे तुमचे वेगळे होऊ शकेल. पण घर विकत घेण्याआधी एक पूर्ण पावसाळा तिथे भाड्याने राहा. आम्ही तेवढे केले असते तर आयुष्यभराची पुंजी तीन वर्षे अडकली नसती.

सोनचाफा · 2 एप्रिल

दस्तऐवज यांनी सांगितलेले सर्व कागद मागवले. फॉर्म एक व चौदावर तीन नावे निघाली. विक्रेते त्यांतले एक; दुसरे वारले असून त्यांच्या मुलांची नावे अजून चढलेली नाहीत; तिसऱ्या बाई परदेशात आहेत आणि त्यांचे मुखत्यारपत्र केवळ देखभालीपुरते आहे. विक्रेत्यांचा आग्रह असा की विसार द्या, कागद होत राहतील. यजमान म्हणाले की चाळीस वर्षे मी लोकांना कर्ज देताना जे पाहिले ते स्वतःच्या वेळी कसे सोडू? आम्ही नम्रपणे नकार दिला.

त्या दिवशी मी बरीच रडले, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

उंबरठा यांचे म्हणणे मात्र चौघांनाही पटले. गालजीबागकाठ यांच्या ओळखीने चावडीत तळमजल्यावरचे एक घर अकरा महिन्यांच्या कराराने मिळाले आहे. पणजीचे घर मेअखेर सोडायचेच होते, त्यामुळे 1 जूनपासून तिथे राहायला जात आहोत. ढवळीच्या मालकांनी थांबायला असमर्थता दर्शवली, त्यामुळे तो फ्लॅट बहुधा जाईल. पैसे तोवर मुदत ठेवीत राहतील.

गालजीबागकाठ · 2 एप्रिल

जाण्याआधी इन्व्हर्टरची बॅटरी तपासून घ्या, पडवीला पश्चिमेकडून ताडपत्री बांधून घ्या आणि सुके मासे, तांदूळ, औषधे महिन्याभराची भरून ठेवा. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा आमच्या वाड्यावर कित्येक दिवस वीज नव्हती. बाकी मी आहेच.

सोनचाफा · 19 जुलै

सात आठवडे झाले. अनेकांनी विचारपूस केली, म्हणून सविस्तर लिहिते.

समुद्राने माझी निराशा केली नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाळोळ्याला गेलो तेव्हा झोपड्या उतरवलेल्या होत्या, वाळूवर एकही खुर्ची नव्हती, पाणी गढूळ तांबूस होऊन पार माडांच्या मुळांपर्यंत येत होते आणि सबंध किनाऱ्यावर आम्ही दोघे आणि एक गाय एवढेच होतो. सासूबाईंच्या दम्याला इथली हवा मानवली. शेजारच्या घरातून रोज काहीतरी येते. कधी अळूची पाने, कधी फणसाच्या आठळ्या. एकटेपणा वाटला नाही.

अडचण मुलाची झाली. तो पहाटे सहाला निघतो आणि रात्री साडेआठला येतो. 3 जुलैला करमल घाटात झाड पडून रस्ता अडला, त्याचा फोन लागत नव्हता, आणि तो पावणेबाराला दारात उभा राहिला तोवर मी दरवाजाच्या चौकटीला धरून उभी होते. त्यानंतर तो आठवड्यातले तीन दिवस वेर्ण्याजवळ मित्राकडे राहतो. घर चौघांसाठी घ्यायचे होते आणि त्यातला एक आताच निम्मा बाहेर राहू लागला. सासूबाईंच्या तपासणीसाठी दोनदा बांबोळीला जावे लागले, दोन्ही वेळा अख्खा दिवस गेला आणि दुसरा दिवस त्यांना झोपूनच काढावा लागला.

म्हणून आम्ही फोंडा ठरवला आहे. अंत्रुजवासी यांच्या मदतीने बांदोड्यात एक फ्लॅट पाहिला. ढवळीच्यापेक्षा थोडा लहान आहे, गॅलरीतून कुळागर (सुपारी-नारळाची बाग) दिसते, आणि कागद दस्तऐवज यांनी पाहून दिले आहेत. खरेदीखत गणेशचतुर्थीनंतर होईल. यजमानांना काणकोणातच राहायचे होते आणि त्यांची समजूत अजून पूर्ण पटलेली नाही. मला स्वतःला हा निर्णय जड जात आहे, पण तो बरोबर आहे याविषयी मनात शंका नाही.

करार एप्रिलअखेरपर्यंतचा आहे आणि तो आम्ही मोडणार नाही. मुलगा आणि सासूबाई आधी बांदोड्याला जातील, आम्ही दोघे सोमवार ते शुक्रवार आळीपाळीने त्यांच्याकडे आणि इथे राहू. कासवे येईपर्यंत तरी मला इथे राहायचे आहे. परिचारिकाताईंनी सांगितलेला कागद दारामागे लावलेला आहे. त्याची दुसरी प्रत बांदोड्यासाठी काल लिहून ठेवली.